पॅलेटचा पलंग : इंच, सूत, त्रिकोण आणि डोक्यावरचा पंखा



यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक पलंग केला. म्हणजे मिस्त्रींनी केला, मी आणि माझ्या लेकीने हाताखाली काम केलं. सुट्टी संपल्यावर त्याच पलंगावर माझ्या चौथीच्या वर्गात चार-पाच तासिका झाल्या. त्यात एक चूक अशी झाली की ती आठवली की अजून पोटात गोळा येतो. ती चूक सांगावी म्हणूनच खरं तर हा लेख लिहायला घेतला. बाकीचं त्या अनुषंगाने येईलच.

आमचं घर दोन खोल्यांचं. लेक तिसरीत, धाकटा चार वर्षांचा. आतली खोली दहा बाय दहा. तिथे दोघांची गादी घातली की अभ्यासाला जागा उरत नाही. लेकीने कुणाच्या तरी मोबाईलवर उंच पलंगाचा फोटो पाहिला. वर झोपायचं, खाली टेबल-खुर्ची, बाजूला शिडी. तेव्हापासून "आई, मला वरचा पलंग" असा धोशा सुरू झाला. दुकानात चौकशी केली तर किंमत ऐकूनच परत फिरले. मग आठवलं की आपण वाळूजच्या एमआयडीसीशेजारी राहतो आणि रस्त्याकडेला भंगारवाल्यांकडे लाकडी पॅलेटच्या थप्प्या लागलेल्या असतात.

ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते. कारखान्यातला माल फोर्कलिफ्टने उचलता यावा म्हणून त्याच्या खाली जी लाकडी चौकट ठेवतात ती पॅलेट. वर फळ्या, खाली फळ्या, मधे ठोकळे किंवा जाड पट्ट्या, म्हणजे फोर्कलिफ्टचे दात आत जातात. युरोपातलं ठरलेलं माप १२०० बाय ८०० मिलिमीटर आहे. आपल्याकडे १२०० बाय १००० जास्त दिसतं. दोन-चार खेपा झाल्या की ती मोडतात आणि मग चुलीत जातात किंवा भंगारात.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील कंपनीत डिस्पॅचला आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, सहा काय, दहा आणून टाकतो." मी नको म्हटलं. पालकांकडून फुकट काही घेतलं की उद्या वर्गात त्या मुलाकडे बघताना आपलीच नजर बदलते, असा माझा अनुभव आहे. भंगारवाल्याकडून २०० रुपयांना एक अशी सहा पॅलेट घेतली. पण त्या पालकांनी एक फार मोलाची गोष्ट सांगितली. "आधी शिक्का बघा. गव्हाच्या कणसाचा."

शिक्का वाचायला शिका

लाकडात किडे असतात आणि लाकडाबरोबर ते एका देशातून दुसऱ्या देशात जातात. म्हणून परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी बांधणीसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकडावर प्रक्रिया करायची आणि तसा शिक्का मारायचा. शिक्क्यात एका बाजूला गव्हाच्या कणसाचं चित्र असतं. दुसऱ्या बाजूला देशाची दोन इंग्रजी अक्षरं (भारताची आय-एन), तयार करणाऱ्याचा नंबर आणि प्रक्रियेची खूण.

ती शेवटची खूण महत्त्वाची. एच-टी असेल तर लाकूड तापवलं आहे. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटं. यात कुठलंही रसायन नाही. एम-बी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली आहे. ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रियल कराराखाली या वायूचा बहुतेक वापर बंद झाला, पण देशाबाहेर जाणाऱ्या-येणाऱ्या मालाच्या धुरीला सूट आहे. एम-बी लिहिलेलं पॅलेट घरात, त्यातही पोराच्या उशाशी, आणू नका. वाद घालायची गरज नाही, दुसरं घ्या.

शिक्काच नसेल तर? देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटवर तो नसतोच. तिथे आपलं नाक आणि डोळे. तेलाचे डाग, रंगीत डाग, औषधाचा किंवा रसायनाचा वास आला की सोडून द्यायचं. आमच्या बाजूला औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आहेत, त्यांचे ड्रम याच पॅलेटवर उभे असतात. भंगारवाला सांगेल, "धुऊन घ्या, काही होत नाही." लाकूड म्हणजे स्टीलचं ताट नाही, आत मुरलेलं धुऊन जात नाही. सगळीच्या सगळी एका रंगात रंगवलेली पॅलेट दिसली तर ती बहुधा भाड्याने फिरणारी आणि कुणाच्या तरी मालकीची असतात, तीही घेऊ नका.

मी सहाही पॅलेट एच-टीची शोधली. त्याला तीन भंगारवाले पालथे घालावे लागले.

चुंबकाची शोधमोहीम

पॅलेट मोडणं हे पलंग करण्यापेक्षा अवघड काम आहे. त्यातले खिळे साधे नसतात, त्यांना पीळ असतो. पहारीने उचकटलं की खिळा जागचा हलत नाही आणि फळीच टोकाला फाटते. पहिल्या पॅलेटच्या निम्म्या फळ्या मी अशाच वाया घालवल्या. मिस्त्री आले, बघून हसले. त्यांनी फळी आणि ठोकळा यांच्या फटीत हॅक्सॉचं पातं सरकवलं आणि खिळेच कापायला घेतले. वेळ लागतो, पण फळी शाबूत राहते.

आता फळीत खिळ्याचं टोक अडकून राहतं. त्यावर रंधा फिरला तर रंध्याच्या पात्याचा तुकडा उडतो. मग लेकीला कामाला लावलं. जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून दिलं आणि म्हटलं, प्रत्येक फळीवरून फिरव, जिथे ओढ लागेल तिथे खडूने फुली मार. लाकडाच्या आड दडलेलं लोखंड चुंबकाला सापडतं हे तिला त्या दिवशी जे कळलं ते पुस्तकातल्या चित्राने कळलं नव्हतं. पुढे शाळेत हाच खेळ घेतला. दहा फळ्या, पाच गट, फुल्या कुणाच्या जास्त आणि बरोबर. एका गटाने गाठीवर फुली मारली होती. का, तर ती काळी दिसत होती. चुंबकापेक्षा डोळ्यावर विश्वास!

सहा पॅलेटमधून साठेक फळ्या निघायला हव्या होत्या. शाबूत निघाल्या ३८. मिस्त्रींनी एकेक फळी दोन विटांवर आडवी ठेवली आणि मला मधोमध उभं राहायला सांगितलं. सहा फळ्या कडकन बोलल्या. दोन दिसायला सगळ्यात सुंदर होत्या.

इथे माझा भ्रम फुटला

मोबाईलवरच्या फोटोत अख्खा पलंग पॅलेटचा असतो. पायसुद्धा. मला तसाच करायचा होता. मिस्त्री म्हणाले, "बाई, गादीची लांबी किती?" सहा फूट, म्हणजे ७२ इंच. "आणि तुमची फळी?" १००० मिलिमीटर, म्हणजे ३९ इंच ३ सूत. "मग सहा फुटाची पट्टी कशी करणार? मधे जोड देणार? अन् त्या जोडाखाली तुमचा धाकटा खेळणार?"

मी गप्प बसले. जमिनीवर ठेवलेल्या दिवाणाला पॅलेट चालतं, कारण तिथे वजन सरळ जमिनीत जातं. उंच पलंगाचं तसं नाही. चार खांब आणि दोन लांब पट्ट्या यांच्यावर सगळं उभं असतं, आणि ती लाकडं एकसंध, गाठी-भेगा नसलेली हवीत. पॅलेटची फळी पातळ, ओलसर, घाईत कापलेली. तिला खिळ्यांची भोकं पडलेली असतात. ती अंथरायला ठीक, उचलून धरायला नाही.

तेव्हा असं ठरलं की खांब आणि लांब पट्ट्या जुन्या सागाच्या घ्यायच्या. पाडलेल्या घरांचं लाकूड विकणाऱ्या वखारीत तीन बाय तीन इंचाचे चार खांब, पाच इंच रुंद दीड इंच जाड पट्ट्या आणि मधला एक वासा मिळाला. सगळं मिळून जवळपास ३ घनफूट, १८०० रुपये घनफूट, म्हणजे ५४०० रुपये. माझ्या "फुकटातल्या पलंगा"ची हवा तिथेच गेली. पण पलंग जुन्याच लाकडाचा राहिला, एवढं समाधान. पॅलेटच्या वाट्याला आलं ते गादीखालच्या आडव्या फळ्या, कठडा आणि एक छोटं पुस्तकांचं फडताळ.

इंचाचे आठ सूत

वर 'सूत' आलं आहे. आपल्या पुस्तकात सेंटिमीटर-मिलिमीटर, आणि सुतार, गवंडी, सेंट्रिंगवाले, पाइप फिटिंगवाले सगळे बोलतात इंच आणि सुतात. एक इंच म्हणजे ८ सूत. पाऊण इंच म्हणजे ६ सूत, अर्धा म्हणजे ४, पाव म्हणजे २. दुकानातसुद्धा "तीन सुताचा बोल्ट द्या" म्हणायचं. अपूर्णांक शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला अजून मिळालेलं नाही. अर्धा म्हणजे चार अष्टमांश हे फळ्यावर दहा वेळा लिहिलं तरी डोक्यात शिरत नाही. टेपवर दाखवलं, आणि "बाबा रोज हेच म्हणतात" असं एका मुलाने सांगितलं, की सगळा वर्ग टेपवर पडतो.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे, वडील सेंट्रिंगच्या कामावर. वर्षभरात ती स्वतःहून दोनदा बोलली असेल. सुताच्या तासाला मी विचारलं, तीन इंच पाच सूत म्हणजे एकूण किती सूत? मी फळ्याकडे वळायच्या आत उत्तर आलं, "एकोणतीस." पुढच्या दोन तासिका मी तिलाच फळ्याशी उभी केली.

आता आमचं खरं गणित. पलंगाची आतली लांबी ७३ इंच (गादी ७२ आणि एक इंच मोकळा). आडव्या फळ्या १३, प्रत्येकी ४ इंच रुंद. पहिली आणि शेवटची फळी टोकाला टेकलेली. तर दोन फळ्यांमधे किती फट ठेवायची?

मुलांनी पहिला भाग पटकन केला. १३ चोक ५२. ७३ वजा ५२, उरले २१ इंच. आणि मग जवळपास सगळ्यांनी २१ ला १३ ने भागायला घेतलं आणि अडकले. मी काही बोलले नाही. पाच मुलांना पुढे उभं केलं, हात पसरून. मुलं किती? पाच. मधल्या जागा किती? मोजल्या, चार. थोडी शांतता झाली आणि मग मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, बारा! फटी बारा!"

२१ इंच म्हणजे १६८ सूत. १६८ भागिले १२, बरोबर १४ सूत. म्हणजे १ इंच ६ सूत. मिस्त्रींनी मोजून एकही खूण केली नव्हती. त्यांनी १४ सुताचा एक लाकडी ठोकळा कापला, पहिली फळी ठोकली, ठोकळा टेकवला, दुसरी फळी ठोकली, ठोकळा पुढे. शेवटची फळी टोकाला चपखल बसली. हे पाहताना लेकीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला वर्गात आणायचं होतं, म्हणून तो ठोकळाच शाळेत नेला.

फळीची लांबीही तशीच जुळली. ३९ इंच ३ सुताच्या फळीची खिळ्यांनी चिरलेली टोकं दोन्हीकडून एकेक इंच कापली, उरली ३७ इंच ३ सूत. पलंगाची आतली रुंदी ३७ इंच ४ सूत. एका सुताची ढिलाई. पावसाळ्यात लाकूड फुगतं, आपली दारं नाही का अडकत, तेवढी जागा लागतेच. या फळ्यांची दोन्ही टोकं आतून बोल्ट केलेल्या आधारपट्टीवर टेकतात आणि पोटाखालून लांबीच्या दिशेने सागाचा मधला वासा जातो. तो नसता तर मोठ्या माणसाने गुडघा टेकताच फळी गेली असती. गादी झटकायला, चादर बदलायला आपण चढतोच.

चौकोन झुलतो

खांब, पट्ट्या बोल्टने जोडून पलंग पहिल्यांदा उभा केला आणि मी हाताने ढकलला तर तो डुलला. मला वाटलं बोल्ट ढिले आहेत. घट्ट केले, तरी डुललाच.

याचं उत्तर शाळेत बऱ्याच जणांनी करून पाहिलेलं असेल. अरविंद गुप्तांच्या खेळण्यांमधले आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे आकार आठवा. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरपा होऊन आडवा पडतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, आकार सोडत नाही. चौकोनात एक तिरपी काडी टाकली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तो उभा राहतो. मी हे दरवर्षी वर्गात घेते. आणि स्वतःच्या घरातल्या पलंगाला तिरपा टेकू द्यायचं मला सुचलं नाही, मिस्त्रींनी सांगावं लागलं. शिकवणं आणि कळणं यात अंतर असतं ते असं.

मागच्या आणि एका आखूड बाजूला तिरप्या पट्ट्या घातल्या. पुढची बाजू मोकळी हवी म्हणून तिथे कोपऱ्यांत छोटे टेकू. शिवाय मागचे दोन खांब भिंतीत फास्टनरने पक्के केले. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारा, पण भिंतीला पक्कं केल्याशिवाय मूल वर चढवू नका.

कठड्याबाबत मी अमेरिकेतल्या दुमजली पलंगांचे नियम वाचले आणि तेच धरले. गादीच्या वरच्या पातळीपासून कठडा किमान ५ इंच वर हवा. फट साडेतीन इंचापेक्षा मोठी नको, कारण मोठ्या फटीतून मुलाचं धड आरपार सरकतं आणि डोकं अडकतं. भिंतीच्या बाजूलाही कठडा हवा, गादी आणि भिंत यांच्यामधेही मूल अडकू शकतं. आणि सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवायचं नाही. आमचा कठडा फळीपासून १४ इंच आहे, गादी ४ इंचाची, म्हणजे वर १० इंच राहतो. (म्हणून पुढे कधी जाड गादी घ्यायचा मोह झाला तर आधी कठडा मोजायचा.) कठड्याच्या पट्ट्या उभ्या आहेत. आडव्या लावल्या असत्या तर धाकट्याला दुसरी शिडीच मिळाली असती. प्रत्येक पॅलेट-फळीतून १८ इंचाचे दोन तुकडे निघाले, सोळा फळ्यांत चारही बाजू झाल्या. फट ३ इंचाच्या आत.

शेवटी पॉलिश पेपर. ६० नंबर, मग १२०, मग २२०. तोंडाला मास्क, काम अंगणात. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून टाळू नका. हातात कुसळ गेलं तर निघतं, पण झोपेत कुशीवर वळताना गेलं तर मूल दुसऱ्या दिवशी त्या पलंगावर चढत नाही. मी लेकीला जुना नायलॉनचा मोजा हातात घालून सगळीकडे हात फिरवायला लावला. मोजा अडकेल तिथे पुन्हा घासायचं.

आणि पंखा

पलंग लेकीच्या हट्टापायी पाच फूट उंच केला होता, खाली तिला उभं राहता यावं म्हणून. रविवारी दुपारी काम संपलं. रात्रभर पाण्याचे वीस लिटरचे पाच जार वर ठेवून १०० किलोची परीक्षा आधीच झाली होती. एक फळीही बोलली नाही. मग गादी टाकली. लेक शिडीने वर गेली. मी खालून फोटो काढत होते. ती उभी राहिली आणि म्हणाली, "आई, बघ, पंख्याला हात लागतो."

लाईट गेली होती. तेवढंच.

मी काय केलं ते आठवत नाही. मिस्त्रींनी तिला खाली घेतलं. मी जाऊन पंख्याचं बटण बंद केलं, जे चालूच होतं.

आम्ही लाकडाचं माप सुतात घेतलं होतं आणि डोक्यावर काय आहे ते बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी कागद घेऊन बसले. खोलीची उंची १० फूट, १२० इंच. पंख्याची पाती छतापासून १४ इंच खाली, म्हणजे जमिनीपासून १०६ इंचांवर. पलंग ६०, गादी ४, लेकीची उंची ४८. बेरीज ११२. म्हणजे ती ताठ उभी राहिली तर तिचं डोकंच पात्यांच्या वर जातं. आता आडवं अंतर. खोलीचा मध्य भिंतीपासून ६० इंच. पंखा १२०० मिलिमीटरचा, म्हणजे पातं मध्यापासून जवळपास २४ इंच. भिंतीपासून ३६ इंचांवर पातं सुरू होतं. आणि आमचा पलंग भिंतीपासून ४१ इंच बाहेर आलेला. पाच इंच तो पात्यांच्या खालीच होता.

ही सगळी बेरीज-वजाबाकी तिसरीची. मी डीएड झालेली, बारा वर्षं गणित शिकवते.

ज्या देशांतले फोटो बघून आपण हे पलंग करतो तिथल्या बऱ्याच घरांत छताचा पंखा नसतो. म्हणून त्यांच्या कृतीत हे पान नाही. आपल्याकडे जवळपास प्रत्येक खोलीत आहे, आणि बरोबर मधोमध आहे. लहान खोलीत भिंतीला लावलेला पलंगही त्याच्या टप्प्यात येतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चारही खांब खालून एकेक फूट कापले. पलंग चार फुटांवर आला. मी पुन्हा बेरीज केली. ४८ अधिक ४ अधिक ४८, शंभर. पण हात वर केला की आणखी फूटभर, ११२. पाती १०६ वर. म्हणजे फक्त पलंग उतरवून भागत नव्हतं. छताचा पंखा काढूनच टाकला आणि समोरच्या भिंतीवर जाळीचा पंखा लावला, पलंगावरून हात पोहोचणार नाही असा. १९०० रुपये. लेक दोन दिवस रुसली, कारण आता खाली तिला उभं राहता येत नाही. बैठं टेबल आणि सतरंजी घालून दिली. तिसऱ्या दिवशी तिने पुढून जुनी साडी लावून घ्यायला सांगितलं आणि "माझं घर" अशी पाटी लावली.

साडीवरून आठवलं. पलंगाला ओढणी, दोरी, झोका काहीही लोंबतं बांधू देऊ नका. खेळता खेळता गळ्याभोवती यायला क्षण पुरतो. आमची साडी वरून खिळ्यांनी पक्की आहे आणि तिचं टोक मोकळं नाही. शिडी आकड्यांवर अडकवलेली आहे. लेक शाळेत गेली की मी ती काढून दाराआड ठेवते, कारण धाकट्याला अजून सहा पूर्ण व्हायला दोन वर्षं आहेत आणि त्याला ते मान्य नाही.

खर्च कुणी विचारेलच म्हणून : पॅलेट १२००, साग ५४००, बोल्ट-फास्टनर ९००, मिस्त्रींची दोन दिवसांची मजुरी २०००, पॉलिश पेपर आणि पॉलिश ७००, पंखा १९००. एकूण १२,१०० रुपये. खांब कापायला मिस्त्री परत आले त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "पंख्याकडं माझंबी लक्ष नव्हतं."

एप्रिल-मे महिन्यात तो पलंग रिकामाच राहणार आहे. आमच्या स्लॅबची उष्णता रात्री बारापर्यंत उतरत नाही आणि वर झोपणाऱ्याला ती आधी लागते. तेव्हा सगळे खाली नाहीतर गच्चीवर. आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी पाना घेऊन सगळे बोल्ट आवळते. लाकूड सुकत जातं तसे ते ढिले पडतात. पहिल्या महिन्यात चार बोल्ट अर्धा-अर्धा आटा फिरले.

कापलेले सागाचे चार तुकडे मी शाळेत नेले. प्रत्येक बरोबर १२ इंच लांब, तीन बाय तीन. मुलांनी एकावर कडेने इंच आणि सुताच्या खुणा केल्या, दुसऱ्यावर सेंटिमीटरच्या. परवा वर्गाची उंची मोजायची होती. एका गटाने काठीला टेप बांधली आणि दरवाज्यापासून सुरुवात केली. सेंट्रिंगवाल्यांची लेक मात्र खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली, वर बघत. म्हणाली, "बाई, आधी पंखा बंद करा."